घरातला बिअर चिलर आणि त्याचा आवाज : माझा अनुभव

पेठेतल्या जुन्या घरात, माडीवर, दुकानात असतो तसला काचेच्या दाराचा कूलर मी बिअरसाठी चालवतो. घरच्या फ्रिजपेक्षा हा जास्त आवाज करतो, कारण बहुतेक मॉडेलांत खाली कंडेन्सरला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला, एक पंखा आणि आत थंड हवा फिरवायला दुसरा असतो. दुकानाच्या गलक्यात ते कळत नाही, रात्री घरात कळतं. म्हणून कूलर कपाटात कोंडू मात्र नये. गरम हवेला वाट मिळाली नाही की कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि आवाज वाढतो. मागे वीतभर जागा हवीच.

आधी आवाज नेमका कुठला ते शोधायचं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरच्या पट्टीवर टेकवून मूठ कानाला लावली की आतला आवाज स्वच्छ ऐकू येतो. घुमणारी घरघर येत असेल तर ती बहुधा कंपनाची. आपल्या वीजपुरवठ्यावर कॉम्प्रेसर मिनिटाला २,९०० च्या आसपास फेरे घेतो. ते कंपन माडीच्या लाकडी तक्तपोशीत उतरलं की खालच्या खोलीत जास्त घुमतं. मी चारही पायांखाली मशिनखाली घालतात तसला जाड रबर घातला. आमच्या गावात कारखान्यांचं उद्यमनगर आहे, तिथे तो मिळायला अडचण नाही. रबरावर शहाबादी फरशीचा तुकडा, त्यावर कूलर. मग पाय फिरवून लेव्हल करायची, पुढची बाजू किंचित उंच, म्हणजे दार आपोआप मिटतं.

कॉम्प्रेसरच्या बुडाशी चार रबरी बुश, म्हणजे कंपन शोषणाऱ्या गाद्या, असतात. कडक झाले असतील तर बदलायचे, पण नट आवळून रबर चेपायचा नाही. कॉम्प्रेसर हाताने ढकलल्यावर थोडा डुलला पाहिजे. तो गच्च बसवला की सगळं कंपन पत्र्यात जातं.

तांब्याची नळी पत्र्याला टेकली की झणझण येते. कूलर चालू असताना लाकडी पट्टीने नळ्या एकेक अलगद दाबून बघाव्यात; हात लावू नये, कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी नळी चांगलीच तापते. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तिथे, प्लग काढून, नळीवर फोमची बाही चढवायची. नळी वाकवायच्या फंदात पडू नये, जोड तडकतो. पाणी साठणारा ट्रे सैल असला तरी असाच वाजतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे त्यात पाणीही जास्त येतं.

पंख्याचा आवाज वेगळा, खरखरीत. पात्यांवर धूळ एकसारखी बसत नाही, तोल जातो. मऊ ब्रशने पाती आणि कंडेन्सरची जाळी दर दोन-तीन महिन्यांनी साफ करायची. पंख्याचा दांडा बोटाने आडवा हलवला आणि खुळखुळला तर मोटरमधला बुश, म्हणजे दांडा फिरतो ती कडी, गेलाय, मोटर बदलणंच बरं. नवी बसवताना हवेची दिशा जुन्यासारखीच हवी.

कॉम्प्रेसर बंद होताना हिसका बसतो आणि बाटल्या किणकिणतात. कप्प्याची जाळी जिथे क्लिपांवर टेकते तिथे सायकलच्या ट्यूबच्या रिंगा कापून घातल्या की पुरतं. बाटल्यांत बोटभर अंतर ठेवावं, हवाही फिरते.

सगळ्यात जास्त फरक पडला तो चालू-बंद कमी केल्यावर. जुन्या थर्मोस्टॅटच्या जागी एसटीसी-१००० हा डिजिटल कंट्रोलर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतला. त्याची सेटिंग अशी: एफ१ ला ४ अंश, एफ२ ला २, एफ३ ला ५ मिनिटं. म्हणजे ६ अंशांना सुरू, ४ ला बंद, आणि बंद झाल्यावर पुन्हा सुरू होण्याआधी गॅसचा दाब समान व्हायला वेळ. सेन्सर मधल्या कप्प्यात अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीत बुडवला, त्यामुळे दार उघडल्याबरोबर कॉम्प्रेसर धावत नाही. पण पाणी गार होईपर्यंत हवा त्याहून थंड होते, म्हणून आतल्या पंख्याच्या तोंडाशी बिअर ठेवायची नाही. उणे दोन-अडीच अंशांना ती गोठू लागते आणि बाटली फुटते.

६५० मिलीच्या २४ बाटल्या ३० अंशांवरून ५ वर आणायच्या म्हणजे काचेसकट साधारण विजेच्या अर्ध्या युनिटाइतकी उष्णता बाहेर काढायची. कूलरला काही तास लागतात. म्हणून नवा माल मी सकाळीच भरतो. रात्री भरलेला कूलर झोपेच्या वेळी सलग चालतो. दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून ओढून बघावी, सहज सुटली तर रबर बदलावं.

एवढं करूनही कॉम्प्रेसर आतून ठोकत असेल तर मेकॅनिक बोलवा. आत थंड करणारा गॅस आर-६००ए असेल तर तो ज्वलनशील आहे. मागचं लेबल वाचल्याशिवाय कुणालाही तिथे वेल्डिंगचा टॉर्च पेटवू देऊ नका.