अलर्ट बे: मुखवट्यांच्या आधी देवदार बघा

अलर्ट बे हे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर टोकाजवळच्या एका छोट्या बेटावरचं गाव. व्हँकुव्हर बेटावरच्या नानाइमोहून पोर्ट मॅकनील साधारण 350 किलोमीटर. वाटेतल्या कॅम्पबेल रिव्हर गावाला टाकी फुल करून घ्या, पुढे वस्ती विरळ आहे. पोर्ट मॅकनीलहून फेरीने पाऊण तासात अलर्ट बे. बेट एवढंसं आहे, चालायची तयारी असेल तर गाडी अलीकडेच ठेवा. पावसाचं जाकीट मात्र ऑगस्टमध्येही हवं.

एक गोष्ट आधीच सांगतो: इथल्या मूळ रहिवाशांना सरसकट 'क्वाकिउट्ल' म्हणू नका. ते नाव पोर्ट हार्डीजवळच्या फोर्ट रूपर्टवाल्यांचं. अलर्ट बेचे लोक नमगीस. सगळ्यांना मिळून क्वाक्वाक्यवक्व म्हणतात.

लोक थेट नाचाच्या मुखवट्यांकडे धावतात. माझं मत, आधी रोजचं जगणं समजून घ्या, आणि ते सुरू होतं लाल देवदारापासून. घर, होडी, दोर, सालीचे कपडे, सगळं त्याचंच. जुनी लाकडी पेटी दिसली की कोपरे निरखा. एकाच फळीला खाचा पाडून, वाफ देऊन तीन कोपरे वाकवलेले असतात. सांधा फक्त चौथ्याला. अशा घट्ट पेटीत पाणी घालून त्यात तापलेले दगड टाकायचे आणि मासे शिजवायचे. चुलीवर भांडं चढवायचा प्रश्नच नाही!

वसंतात नाइट इनलेट आणि किंगकम इनलेटला उलिकन नावाचे छोटे मासे येतात. ते खड्ड्यात मुरवून, उकळून वर आलेली चरबी काढतात. थंडीत ती तुपासारखी थिजते. वाळवलेला सॅमन तिच्यात बुडवून खातात. वास उग्र असतो. कुणी चाखायला दिली तर नाक मुरडू नका, मानाची वस्तू आहे. पॉटलॅचमध्ये, म्हणजे नाच, मेजवानी आणि दानाच्या समारंभात, ती वाटतात.

उन्हाळाभर साठवायचं आणि हिवाळ्यात नाच, मेजवान्या, दानं करायची, असं वर्ष चाले. 1885 मध्ये कॅनडा सरकारने पॉटलॅचवर बंदी आणली, ती 1951 पर्यंत टिकली. 1921 मध्ये व्हिलेज आयलंडवर डॅन क्रॅनमर यांनी केलेल्या पॉटलॅचनंतर कित्येकांना तुरुंगात टाकलं, मुखवटे जप्त झाले. परत मिळालेले बरेचसे 1980 पासून अलर्ट बेच्या उमिस्ता सांस्कृतिक केंद्रात आहेत, तेही काचेबाहेर. हात लावू नका आणि फोटोचं आधी विचारा.

दफनभूमीतले टोटेम खांब, म्हणजे कोरलेले उंच लाकडी खांब, रस्त्यावरूनच बघायचे, आत पाऊल टाकायचं नाही. उन्हाळ्यात बिग हाऊसमध्ये, म्हणजे समारंभाच्या मोठ्या लाकडी घरात, पाहुण्यांसाठी नाच असतात. वार आणि वेळ निघण्याआधी बघून ठेवा. परतीची फेरीही तपासा, कारण हीच बोट शेजारच्या बेटावरच्या सॉइंटुला गावालाही जाते.