ताकाहाशींचे रोखे आणि लष्कराची भूक

मंदीत लष्करी खर्चाने अर्थव्यवस्था सावरते का? जपानचं उदाहरण नीट बघा. डिसेंबर १९३१ मध्ये अर्थमंत्री कोरेकियो ताकाहाशींनी येनला, म्हणजे जपानच्या चलनाला, सोन्यापासून तोडलं; त्याचं सोन्याशी बांधलेलं मोल सुटलं. नोव्हेंबर १९३२ पासून सरकारी रोखे, म्हणजे सरकारच्या कर्जाचे कागद, थेट बँक ऑफ जपान ही देशाची मध्यवर्ती बँक घेऊ लागली. तो पैसा शस्त्रांच्या ऑर्डरींतून कारखान्यात, तिथून कामगाराच्या पगारात आणि शेवटी बँकेत ठेव म्हणून यायचा. मग मध्यवर्ती बँक तेच रोखे बँकांना विकून जादा पैसा परत ओढून घ्यायची. खरी खुबी इथेच आहे! यंत्रं आणि माणसं रिकामी होती, म्हणून भाव भडकले नाहीत. येन घसरल्याने निर्यातही वाढली. त्या स्वस्त कापडाची झळ मुंबईच्या गिरण्यांना इतकी बसली, की १९३३ मध्ये आयात शुल्क ७५ टक्क्यांवर न्यावं लागलं.

१९३५ पर्यंत रिकामी क्षमता संपत आली, बँका रोखे घेईनात. आता हात आखडणं भागच होतं. ताकाहाशींनी लष्कराच्या मागणीला कात्री लावली आणि २६ फेब्रुवारी १९३६ ला बंडखोर अधिकाऱ्यांनी त्यांची हत्या केली. पुढे खर्च सुसाट सुटला, महागाईही. रस्त्याचं काम थांबवता येतं; बंदूकवाल्याचं बजेट कापणं फार अवघड.