काउंटीतलं घर: समोर सरोवर, खाली चुनखडक, शेजारी द्राक्षबाग

ऑन्टारिओ सरोवराच्या काठावरचं पहिलं घर आम्ही फेब्रुवारीत पाहिलं. अंगणात गुडघाभर बर्फ, समोर गोठलेलं पाणी, त्यावर दुपारचं ऊन. खिडकीपाशी मी आणि नवरा कितीतरी वेळ न बोलता उभे होतो. टोरांटोला परत येईपर्यंत मनातल्या मनात आमचं सामानही लागून झालं होतं. किनारा कुठे संपतो आणि अंगण कुठे सुरू होतं हे त्या बर्फात दिसत नव्हतं. ते दिसत नाहीये, हेसुद्धा आमच्या लक्षात आलं नाही.

ते घर कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत होतं. तिला इथले लोक नुसतं ‘द काउंटी’ म्हणतात. सरोवरात घुसलेलं हे द्वीपकल्प, पण १८८९ साली मरे कालवा झाला आणि जमीन मुख्य भूमीपासून तुटली. आता जायचं तर पुलावरून, नाहीतर ग्लेनोराच्या फुकट फेरीबोटीतून. १८६० ते १८९० या काळात इथून अमेरिकेत जव जायचं, त्याला अजूनही ‘बार्ली डेज’ म्हणतात. गावागावांतली भक्कम विटांची घरं त्याच पैशातून उभी राहिली. वाइनसाठीची द्राक्षं त्या मानाने नवी. या शतकाच्या सुरुवातीला वाइनरी उघडू लागल्या आणि २००७ साली काउंटीला व्हीक्यूएचा, म्हणजे वाइनचा दर्जा आणि मूळ प्रदेश प्रमाणित करणाऱ्या इथल्या व्यवस्थेचा, स्वतंत्र द्राक्षप्रदेश म्हणून दर्जा मिळाला. पिनो न्वार आणि शार्दोने ही इथली मुख्य द्राक्षं. मातीचा थर पातळ, खाली भेगाळलेला चुनखडक. वेलींना तो मानवतो. घराला मात्र तोच खडक जड जातो, ते पुढे सांगते.

दोन दिवसांत आम्ही ऑफर दिली. आमच्या वकीलबाईंनी एकच हट्ट धरला, की ऑफर सशर्त असली पाहिजे आणि अटी पूर्ण करायला पंधरा दिवस तरी हवेत. शहरात पाच कामाचे दिवस मागितले तरी समोरचा कुरकुरतो. पण खेड्यातल्या घराला विहीर असते, सेप्टिक असतं, लाकडाची शेगडी असते आणि प्रत्येकाची तपासणी करणारा माणूस वेगळा असतो. पाच दिवसांत त्यातल्या दोघांच्या वेळाही मिळत नाहीत. विकणाऱ्याने दिवस दिले, म्हणून आम्ही वाचलो.

त्या दिवसांत मी कॉन्झर्व्हेशन ऑथॉरिटीला, म्हणजे पूर आणि धूप यांवर लक्ष ठेवणाऱ्या स्थानिक संस्थेला, त्या मिळकतीबद्दल विचारलं. काउंटीसाठी हे काम क्विंटे कॉन्झर्व्हेशन पाहतं. किनाऱ्यावर काय बांधता येईल, काय नाही, याची परवानगी त्यांच्या हातात असते. तिथल्या माणसाने नकाशा समोर ठेवून शांतपणे समजावलं. आधी शंभर वर्षांत एकदा येऊ शकेल अशी पाण्याची पातळी धरायची. वेगळा अभ्यास झालेला नसेल, तर लाटांच्या उसळीसाठी तिथून आत साधारण १५ मीटर धरायचे. धूप होणारा किनारा असेल, तर पुढच्या शंभर वर्षांत किती जमीन जाईल तेही मोजायचं. या रेषांच्या आत नवं बांधकाम होणं कठीण, आणि असलेलं घर वाढवायलाही परवानगी लागते. आम्हाला आवडलेल्या घराची ती सुंदर खिडकी, तिच्यामागची बैठकीची खोली आणि अर्धं स्वयंपाकघर रेषेच्या आत होतं.

‘पाणी कधी आत आलेलं नाही,’ असं विकणाऱ्याच्या एजंटने सांगितलं होतं. मग आम्ही २०१७ आणि २०१९ चे आकडे पाहिले. २०१७ च्या वसंतात सरोवर समुद्रसपाटीपासून ७५.८८ मीटरपर्यंत चढलं होतं, तेव्हाचा उच्चांक. दोनच वर्षांनी तोही मोडला, ७५.९२ मीटर. किनाऱ्यावरच्या लोकांनी महिनोन् महिने वाळूच्या गोण्या रचल्या. सरोवरातून सेंट लॉरेन्स नदीत किती पाणी सोडायचं हे कॅनडा आणि अमेरिका मिळून ठरवतात, कॉर्नवॉलजवळच्या धरणातून ते सोडलं जातं आणि २०१७ पासून त्याचे नियमही नवे आहेत. पण वरच्या सगळ्या सरोवरांचं पाणी आणि वसंतातला पाऊस एकदम आला, तर धरण तरी किती सोडणार? नदीच्या खालच्या अंगाला मॉन्ट्रियल शहर आहे, तेही बुडता कामा नये.

विमा कंपनीने त्या घराला पुराचं संरक्षण द्यायला नकार दिला. आम्ही अट पूर्ण झाली नाही असं लिहून दिलं, अनामत परत घेतली. त्या रात्री मला खरंच रडू आलं.

त्यानंतर आम्ही बर्फ वितळेपर्यंत एकही घर पाहिलं नाही. मी सगळ्यांना हेच सांगते. बर्फाखाली किनारा लपतो, छप्पर लपतं, सेप्टिकचं मैदान, म्हणजे टाकीतलं सांडपाणी जमिनीत मुरवणारा पट्टा, लपतं आणि अंगणात पाणी कुठे साचतं तेही लपतं. एप्रिलच्या पावसात एक चक्कर मारली की हे सगळं अर्ध्या तासात कळतं.

एप्रिलमध्ये पाहिलेल्या एका घराबरोबर तीन एकर द्राक्षबागही होती, आणि नवरा त्या वेलींमधून हिंडताना मला वेगळाच दिसला. तो शेतकऱ्याचा मुलगा आहे. पण त्याच बागेत काम करणाऱ्या माणसाशी तो तासभर बोलला आणि येऊन म्हणाला, ‘नको.’ इथल्या हिवाळ्यात पारा उणे २० ते २५ च्या आसपास गेला की या जातींचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मरतात. म्हणून काउंटीत वेली पुरतात. नोव्हेंबरात काड्या खालच्या तारेला बांधायच्या, त्यांवर मातीची भर चढवायची, आणि वसंतात ती माती हलक्या हाताने काढायची, कारण तोवर डोळे फुगायला लागलेले असतात. त्यावर मे महिन्यातलं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव. सरोवर वसंतात थंड असल्यामुळे काठावरच्या वेली उशिरा फुटतात आणि बऱ्याचदा त्यातून वाचतात, पण भरवसा नाही. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी करण्याचं हे काम नव्हे. शिवाय बँकेने आधीच सांगितलं होतं की कर्जासाठी घर आणि त्याभोवतीची थोडी जमीन एवढीच किंमत धरली जाईल, वेली आणि बाकीचे एकर आमच्या खिशातून.

आमचं घर मे महिन्यात सापडलं. उघड्या सरोवरावर नाही, आतल्या खाडीवर. किनाऱ्यापासून घर चांगलं उंचावर, मध्ये उतार, खाली एक जुनी लाकडी बोटशेड. पश्चिमेला कुंपण आणि कुंपणापलीकडे द्राक्षबाग. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहत. एजंट आत माप घेत होता तेव्हा त्या मला हाताला धरून बोटशेडमध्ये घेऊन गेल्या. दाराच्या खांबावर पेन्सिलच्या रेघा होत्या, प्रत्येकीपुढे साल. सगळ्यात वरची २०१९, तिच्या बोटभर खाली २०१७. ‘माझा नवरा दर वर्षी मोजायचा,’ त्या म्हणाल्या. ‘तो गेल्यावर मी मोजते. घरापर्यंत कधी आलं नाही, पण बोट दोनदा आत तरंगली.’ ज्या गोष्टीसाठी मी तीन महिने कचेऱ्यांना पत्रं लिहिली होती, ती त्यांनी न विचारता दाखवली.

तरी तपासण्या सगळ्या केल्या. सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते विहिरीने.

काउंटीत समोर अथांग पाणी दिसतं आणि नळाला पाणी बेताचं असतं, ही गोष्ट शहरातून येणाऱ्यांच्या पचनी पडत नाही. गावाबाहेर नळयोजना नाही. चुनखडकातल्या बोअरला पाणी लागतं ते भेगांतून, आणि भेग लागली तर लागली. प्रांताच्या पर्यावरण खात्याकडे बोअरच्या नोंदी असतात: किती फुटांवर खडक, किती फुटांवर पाणी, पाण्याची चव कशी, मिनिटाला किती गॅलन. आमच्या बोअरची नोंद १९७० च्या दशकातली निघाली. नोंदीवर विसंबून राहायचं नाही असं ठरवून आम्ही विहिरीच्या माणसाला बोलावलं. त्याने सलग चार तास पंप चालवून दर पंधरा मिनिटांनी पातळी मोजली. मिनिटाला दीड गॅलन. एका कुटुंबाला पुरेल, पण अंघोळ, कपडे आणि भांडी एकाच वेळी काढली तर पंप कोरडा पडेल. त्याने साठवणीची टाकी बसवायला सांगितली. इथे अनेक घरांच्या तळघरात अशी टाकी असते आणि उन्हाळ्यात पाण्याचा ट्रक येऊन ती भरून जातो. हा खर्च आम्ही किमतीतून कमी करून घेतला.

पाण्याच्या शुद्धतेचं वेगळंच. ऑन्टारिओत खासगी विहिरीच्या पाण्याची जंतूतपासणी सरकारी आरोग्य प्रयोगशाळा फुकट करते, कोलिफॉर्म आणि ई. कोलाय यांची. आमचा पहिला नमुना नापास झाला. भेगाळलेल्या खडकात वरचं पाणी मातीतून गाळून न येता सरळ खाली उतरतं, त्यामुळे पाऊस पडून गेल्यावर असं होऊ शकतं. बोअरचं झाकण बदललं, क्लोरीन टाकून धुतलं, पुन्हा नमुना दिला, तो पास झाला. तरी आम्ही पाण्यातले जंतू मारणारा अतिनील दिवा बसवलाच. एक लक्षात ठेवा, त्या फुकट तपासणीत नायट्रेट आणि कीडनाशकं येत नाहीत. शेजारी फवारणी होणारी बाग असताना मला ती माहिती हवीच होती, म्हणून एक नमुना पैसे भरून खासगी प्रयोगशाळेत दिला. अहवाल स्वच्छ आला तेव्हा कुठे मला झोप लागली.

सेप्टिकचं त्या मानाने लवकर उरकलं. टाकी उघडून, उपसून पाहिली, मैदानात कुठे ओल किंवा वास नाही ना ते पाहिलं. नियमाप्रमाणे टाकी विहिरीपासून १५ मीटर तरी दूर हवी. मैदानातल्या पाइपांनाही बोअरपासून तेवढंच अंतर पुरतं, पण केव्हा, तर बोअरची केसिंग, म्हणजे आत बसवलेली नळी, निदान ६ मीटर खोल आणि पाणी न झिरपणारी असेल तेव्हा. नसेल तर ३०. आमच्याकडे ते अंतर २२ भरलं, म्हणून केसिंगची खोली पुन्हा त्या जुन्या नोंदीत शोधावी लागली. होती सव्वासहा मीटर. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

राहिला शेजार. करारात एक कलम होतं, की लगतच्या जमिनीवर शेती चालते आणि तिचा त्रास होऊ शकतो हे घेणाऱ्याला मान्य आहे. आमच्या वकीलबाईंनी त्यामागचा १९९८ चा कायदा सांगितला. शेतीची नेहमीची पद्धत म्हणून होणारा वास, धूळ, माश्या, प्रकाश, धूर, आवाज आणि कंपनं यांबद्दल शेजाऱ्याला शेतकऱ्यावर दावा लावता येत नाही. मला हा कायदा योग्य वाटतो. बाग आमच्या आधीपासून तिथे आहे. पण त्रास कोणता ते आधी माहीत असावं, म्हणून एका पहाटे पाचला आम्ही गाडी त्या रस्त्यावर लावून बसलो. वारा सुटण्याआधी, म्हणजे अंधारातच, ट्रॅक्टर फवारणी करत होता. उजाडल्यावर बागवाला कुंपणाशी आला तेव्हा आम्ही कोण ते सांगितलं. त्याने स्वतःहून सगळं मोजून दाखवलं. द्राक्षात गोडी भरली की पाखरांना हाकलायला गॅसची तोफ दिवसभर ठराविक वेळाने वाजते. दहिवराच्या रात्री वाऱ्याचा मोठा पंखा लावतात, त्याचा आवाज हेलिकॉप्टरसारखा येतो. तोडणी कधी कधी रात्रीच होते. ‘फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करत जाईन,’ तो म्हणाला. आजवर एकदाही चुकला नाही.

कागदपत्रांचा शेवट सोपा होता. टोरांटोत प्रांताच्या हस्तांतरण कराखेरीज महापालिकेचा वेगळा कर भरावा लागतो, काउंटीत तो नाही. आठ लाख डॉलरच्या घरावर प्रांताचा कर १२,४७५ डॉलर होतो, यावरून अंदाज घ्या. लाकडाच्या शेगडीचं प्रमाणपत्र विमा कंपनीला हवं होतं, ते मिळालं. ऑगस्टच्या अखेरीस किल्ल्या हातात आल्या.

जाताना मालकीणबाईंनी विहिरीच्या पावत्या, सेप्टिकचा नकाशा आणि बोटशेडची किल्ली एका डब्यात घालून दिली. डब्यात एक आखूड पेन्सिलही होती. पुढच्या जूनमध्ये पाणी वर्षातल्या सगळ्यात वरच्या जागी आलं, तेव्हा मी आणि नवरा बोटशेडमध्ये उतरलो. २०१९ च्या रेघेच्या हातभर खाली पाणी होतं. मी टेप धरली, त्याने रेघ मारली आणि पुढे साल लिहिलं.