द्रव हेलियम: थंडीपेक्षा भेसळच जास्त छळते

क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे अतिथंड तापमान टिकवणाऱ्या भांड्यात, द्रव हेलियम भरणं हे माझं नेहमीचं काम. बघणाऱ्याला वाटतं, खरी कसरत ४.२ केल्विन (सुमारे उणे २६९ अंश सेल्सियस) गाठण्याची. प्रत्यक्षात डोकं खातात ते आत राहिलेले दुसरे वायू.

आधी भांडं द्रव नायट्रोजनने ७७ केल्विनपर्यंत गार करते. मग नळी तळाला टेकवून हेलियम वायूच्या दाबाने तो सगळा बाहेर ढकलते. सगळा म्हणजे सगळा! पंप लावल्यावर गेजचा काटा १२५ मिलिबारच्या आसपास अडून बसला, तर तळाशी नायट्रोजन उरलाय आणि गोठू लागलाय. पंप बंद करायचा, हेलियम वायू सोडायचा, पुन्हा ढकलायचं. कंटाळा केला तर तो गोळा थंड करण्यातच हेलियम उडून जातो, बारीक नळ्या तुंबतात ते वेगळंच. १ घन सेंटिमीटर द्रव नायट्रोजन उकळायला सुमारे १६० जूल लागतात, हेलियमला जेमतेम २.६. म्हणून भरायचंही सावकाश. वर चढणारी गार वाफ वाटेतला धातू थंड करत जाते. घाई केली की ती तशीच निसटते.

नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये हेलियम पहिल्यांदा द्रव करणारे शास्त्रज्ञ कामरलिंग ओनेस, त्यांना तर हेलियमही मोनाझाइट या खनिजाच्या वाळूतून काढावा लागला. बारीक छिद्रातून प्रसरण पावताना हेलियम सुमारे ४० केल्विनच्या खालीच गार होतो, हायड्रोजन २०० च्या खाली. त्यावर दोघेही उलट तापतात. म्हणून आधी द्रव हवा, तिच्या जोरावर हायड्रोजन, त्याच्या जोरावर हेलियम. १० जुलै १९०८ च्या प्रयोगाला ७५ लिटर द्रव हवा आणि २० लिटर द्रव हायड्रोजन लागला. यात कुठेही भेसळ राहिली की ती गोठून झडप बंद. लंडनमध्ये याच शर्यतीतले शास्त्रज्ञ ड्युअर यांच्या नळ्या हेलियममधल्या निऑनने तुंबल्या. खुद्द ओनेस यांनी त्याच वर्षी आधी घन हेलियम मिळाल्याचं कळवलं होतं. तो हायड्रोजन निघाला.

१० जुलैच्या त्या संध्याकाळी ओनेस यांची तापमापी खाली उतरेना, भांड्यात तर काहीच दिसेना. खालून उजेड टाकल्यावर द्रवाची पातळी दिसली, तीही भांडं जवळजवळ भरल्यावर. नवल नाही, द्रव हेलियमचा अपवर्तनांक (उजेड किती वाकतो याचं माप) १.०३ च्याही आत, जवळजवळ हवेइतकाच. मी पातळी डोळ्यांनी ठरवत नाही, लेव्हल मीटर लावते.

भरून झालं की भांड्याची मान उघडी ठेवू नये. हवा शिरून गोठते, बर्फाचं बूच बसतं, आणि १ लिटर द्रवाचा ७०० लिटरहून जास्त वायू होतो. सुरक्षा झडप त्या बुचाच्या वर असेल तर ती असून नसल्यासारखी.