तागडी सरांचं सूर्यास्ताचं वेळापत्रक

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं आणि चार दिवस ते टीव्हीवर तसंच पडून होतं. मनोगत पाचशे शब्दांत द्या, सोबत फोटो जोडा, असं लिहिलंय. फोटो जोडलाय. शब्दांचं मात्र जमेलसं वाटत नाही, कारण मला सरांबद्दल लिहायचंय.

सर म्हणजे कोण, हे भायखळ्याच्या आपल्या शाळेत १९७५ ते ९० दरम्यान शिकलेल्यांना सांगायला नको. आपण त्यांना पाठीमागे 'तागडी सर' म्हणायचो. गणित शिकवताना वजन-मापाचा धडा आला की ते हमखास बायबलातल्या नीतिसूत्रांचा अकरावा अध्याय काढायचे. खोट्या तागडीचा देवाला वीट येतो, हे पहिलंच वचन. मग विचारायचे, "भाजीवाला पाव किलोत वीस ग्रॅम मारतो. महिन्याला किती मारले?" आपण वहीत हिशेब करायचो आणि घरी जाऊन आईला सांगायचो. नागपाड्याच्या मंडईत दोन-तीन भाजीवाले आपल्या शाळेच्या पोरांना बघून तोंड वाकडं करायचे, ते त्यामुळेच.

आमच्या घरी आधी भीती होती. मिशनची शाळा, पोराला बाटवतील, असं आजी म्हणायची. प्रार्थनेला पेटी आणि झांजांवर भजनं होत, तेव्हा मला वाटायचं ही आपलीच भजनं. सर अहमदनगरकडचे, त्यांच्या घरात तीन पिढ्या ख्रिस्ती. ख्रिस्ती झालेल्या कवी ना. वा. टिळकांचं नाव घेताना त्यांचा आवाज बदलायचा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली आपल्या या मुंबईतच झाला, हे ते असं सांगायचे जणू स्वतः हजर होते. पण कुणाला 'तू ये' असं त्यांनी कधी म्हटलं नाही. मी आजही गणपती बसवतो आणि सरांचा विद्यार्थी म्हणवतो, त्यात मला अडचण वाटत नाही.

आता १९८२ चा पावसाळा. मी आठवीत. बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांनी संप पुकारला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यातले ते एक. जूनपर्यंत घरातली तांब्याची भांडी गेली होती. बाबा रोज सकाळी कपडे करून बाहेर पडायचे. कुठे जातात, ते सांगत नसत.

आमची शाळा दुपारची. एकदा साडेअकराला दप्तर घेऊन निघालो तर बाबा मजुरांच्या नाक्यावर उभे. बाकी रंगारी, गवंडी, बिगारी नऊच्या आतच उचलले गेले होते. उरलेल्यांच्या हातात ब्रश होते, थाप्या होत्या. बाबांचे हात मोकळे. साचेवाल्याला सूत सोडून दुसरं काय येणार? मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवरून शाळेत गेलो. त्यांनी मला पाहिलं की नाही, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

त्याच आठवड्यात, शुक्रवारच्या नीतिशिक्षणाच्या तासाला, सरांनी बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दाखला घेतला. मळ्याचा मालक पहाटे बाजारात जाऊन मजूर ठरवतो, रोज एक दीनार. पुन्हा नऊला जातो, बाराला, तीनला. शेवटी संध्याकाळी पाचला जातो, तर काही जण अजून उभेच. संध्याकाळी तो सगळ्यांना एकेक दीनार देतो. वर्ग पेटला. निम्म्या पोरांचे बाप संपावर. "सर, हा अन्याय आहे! युनियन असती तर घेराव घातला असता!" सर हसले आणि फळ्याकडे वळले. कामाचे तास बारा, नऊ, सहा, तीन, एक. "एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. तासाप्रमाणे वाटा. पाचवाल्याला काय मिळेल?"

"बारावा हिस्सा!"

"उत्तर बरोबर. आता सांगा, त्याच्या घरची खाणारी तोंडं बाराव्या हिश्श्याने कमी झाली का?"

कुणी बोललं नाही. मग त्यांनी पुस्तकातलं वाचलं. मालक विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलं नाही. मी बाकावरच्या शाईच्या डागाकडे बघत बसलो होतो.

रात्री मी बाबांना ती गोष्ट सांगितली. नाक्याचं काही बोललो नाही. त्यांनी पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "असा मालक भेटला तर पत्ता घेऊन ये."

पण मला लिहायचंय ते वेगळंच. त्याच जुलैत सरांची चप्पल तुटली. फाटकाबाहेर चपला शिवणारे काका बसायचे, त्यांनी शिवून दिली. पाऊण रुपया झाला, सरांकडे दहाची नोट, काकांकडे सुटे नाहीत. "सुटताना द्या." संध्याकाळी शाळा सुटली तेव्हा पाऊस इतका, की काका कधीच उठून गेले होते. कुणीही उद्या दिले असते. सरांनी शिपायाकडून सुटे घेतले आणि मला म्हणाले, "त्यांचं घर माहीत आहे ना? चल."

घर म्हणजे रे रोडच्या पुलाजवळची झोपडी. माझगावातून गुडघाभर पाण्यातून आम्ही निघालो, छत्री एक. मी म्हटलं, "सर, उद्या चालणार नाही का?" म्हणाले, "मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी. बायबलातलं 'अनुवाद' नावाचं पुस्तक, चोविसावा अध्याय. तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो." मी म्हटलं, "पण सर, सूर्य दिसतोय कुठे?" ते थांबले, घड्याळ पाहिलं. "आज सात-वीसला मावळतो. पेपरात छापून येतं. ढग आले म्हणून सूर्यास्त रद्द होत नाही."

सातला पाच कमी असताना पोहोचलो. काका आधी घाबरले, चप्पल पुन्हा तुटली की काय म्हणून. पंचाहत्तर पैसे घेतले आणि आम्हाला चहा पाजला, तो चहा नक्कीच पाऊण रुपयापेक्षा महाग पडला असणार. सरांना ते कळलं, पण चहा नाकारणंही बरं नव्हे म्हणून दोघंही प्यायलो.

दहावीनंतर मी रंगकामात शिरलो, त्याच नाक्यावरून. आज माझी छोटी कंत्राटं आहेत, चौदा माणसं. धंद्यातली रीत म्हणजे आठवड्याची खर्ची द्यायची आणि बाकी बिल पास झाल्यावर. मी रोज संध्याकाळी त्या दिवसाची मजुरी चुकती करतो. हल्ली फोनवरून. इतर कंत्राटदार म्हणतात, मी बाजार बिघडवतो.

एकदा चुकलो. २००९ साली एका सोसायटीने बिल अडकवलं, हातात पैसा नव्हता, एका बिगाऱ्याला म्हटलं दोन दिवस थांब. तिसऱ्या दिवशी तो आलाच नाही. नाक्यावर विचारलं तर गावाला गेला म्हणाले. गाव कुठलं, ते मी कधी विचारलंच नव्हतं. त्याचे नऊशे रुपये माझ्या वहीत जमा आहेत. दर दिवाळीला नवी वही घातली की मी ते पुढे ओढतो.

मागच्या वर्षी शाळेवरून गेलो होतो. समोरच्या टॉवरमुळे मैदानावर दुपारनंतर ऊन येत नाही. मराठी माध्यमाचे वर्ग कमी झालेत असं कळलं. पितळी घंटा कुठे गेली, ते शिपायालाही सांगता आलं नाही. फाटकाबाहेर आता मोबाईलची कव्हरं विकतात.

समितीला एक विनंती. सोहळ्याचा मंडप, खुर्च्या, लाईटवाले, जेवणाची भांडी घासणाऱ्या बाया, सगळ्यांचे पैसे त्याच संध्याकाळी द्या. जानेवारीत कार्यक्रम आहे, सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो. कमी पडले तर मला फोन करा, नंबर पत्त्यासोबत दिलाय.