ब्रॉडवेची एडबर्गा बाइंडरी: सोन्याच्या ठिपक्यांमागे

इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागात लोक मधाळ रंगाची दगडी घरं बघायला जातात. मी आणि मावशी गेलो ते कॅथरिन अ‍ॅडम्स या पुस्तकबांधणी करणाऱ्या बाईंचं कातडीकाम बघायला.

पाद्र्यांची ही मुलगी. बालपण केल्म्स्कॉट गावाजवळ गेलं, त्यामुळे तिथल्या विल्यम मॉरिस या कवी आणि नक्षीकाराच्या कुटुंबाशी घरोबा. पस्तिशीत, १८९७ साली, सेरा प्रिडो आणि कॉब्डन-सँडरसन या नावाजलेल्या बांधणीकारांकडे पुस्तकबांधणी शिकल्या. आधी लेचलेडला काम मांडलं, मग १९०१ मध्ये कॉट्सवोल्ड्समधल्याच ब्रॉडवे गावात एडबर्गा बाइंडरी ही बांधणीची कार्यशाळा थाटली. हाताखालीही दोन बायकाच. गिऱ्हाइकं मात्र मुद्रणतज्ज्ञ एमरी वॉकर, ग्रंथसंग्राहक सिडनी कॉकरेल अशी जाणती.

लंडनच्या पॅडिंग्टनहून मोरेटन-इन-मार्श रेल्वेनं साधारण दीड तास. पुढे चिपिंग कॅम्पडेन गावाची बस. आमची डोळ्यांदेखत सुटली आणि तासभर थंडीत बसलो, तेव्हा गाडी आणि बस यांचा मेळ आधीच घालून ठेवा.

कॅम्पडेनला चर्चजवळ कोर्ट बार्न हे छोटं संग्रहालय आहे. एरवी अर्ध्या तासात उरकेल, पण बांधणीच्या कपाटापाशी थांबाच. बकऱ्याच्या कातड्यावर आधी नक्षी नुसतीच दाबून घेतात, तिथे अंड्याचा पांढरा बलक लावतात, वर सोन्याचा वर्ख ठेवतात आणि तापलेल्या पितळी ठशानं दाबतात. ठसा जास्त तापला तर कातडं करपतं, कमी तापला तर सोनं धरत नाही. अ‍ॅडम्सबाईंची खासियत म्हणजे बारीक ठिपक्यांनी भरलेली नक्षी. रांगोळीचा ठिपका चुकला तर पुसता येतो, इथे ती सोय नाही. मावशी काचेला नाक लावून मोजायला लागली, चाळिसाच्या आसपास चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून! काचेवर उजेड चमकतो, फोटो धड येत नाहीत. मोबाइल पिशवीतच राहू द्या.

तिथून ब्रॉडवेला कॉट्सवोल्ड वे या पायवाटेनं चालत जा, सहा मैल. वाटेत ब्रॉडवे टॉवर हा टेकडीवरचा जुना मनोरा. उतारावर पावसानंतर चिखल असतो, साधे बूट चालणार नाहीत. बाइंडरीच्या नावातल्या संत एडबर्गाचं जुनं चर्च गावाबाहेर, स्नोजहिलच्या रस्त्यावर मैलभर आहे. तिथे गर्दी नसते. डबा आम्ही तिथेच खाल्ला.

अंगात त्राण उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी केल्म्स्कॉट मॅनर हे मॉरिस यांचं घर. ते हंगामातच आणि ठरावीक वारीच उघडतं, म्हणून तिकीट आधी काढा आणि मग बाकीचे दिवस ठरवा. आम्ही उलटं केलं आणि फाटक बघून परतलो.