ठिपक्याचा ग्लास

रात्रीचे साडेअकरा. झोप येत नाही.

सकाळी पाणी प्यायला उठले आणि हात आपसूक फळीच्या कोपऱ्यातल्या त्या ग्लासाकडे गेला. तळाला लाल नेलपॉलिशचा ठिपका असलेला. शेजारी सहा ग्लास पालथे होते. वहिनी तर झोपलेल्याच होत्या, कुणी काही म्हणालं नाही. मीच उचलला, मीच विसळून पुन्हा कोपऱ्यात ठेवला.

टीबीचा कोर्स संपून तीन महिने झाले. थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह, वजन 41 वरून 48. सहा महिन्यांत गोळ्यांचा एक दिवस चुकवला नाही. गोळ्यांमुळे पहिल्यांदा लघवी केशरी झाली तेव्हा बाथरूममध्येच रडले होते. दवाखान्यातल्या ताईंनी घरी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं होतं, टीबी हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. तरी दुसऱ्या दिवशी ठिपका होताच.

वहिनींचा धड रागही येत नाही. पिंट्या तेव्हा दीड वर्षाचा. आणि टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकार देतं ते निक्षयचे महिन्याचे 1000 रुपये आले की अंडी माझ्यासाठीच यायची, त्यातलं एकही त्यांनी दुसऱ्या कुणाच्या ताटात वाढलं नाही.

डॉक्टर म्हणायचे, खिडकी उघडी ठेवा, ऊन येऊ द्या. आमच्या पहिल्या मजल्यावर कुठलं ऊन? समोरची इमारत हाताच्या अंतरावर, दुपारी बारालाही ट्यूब लावावी लागते. मानखुर्द-गोवंडीतल्या अशा पुनर्वसनाच्या इमारतींची पाहणी 2018 साली पेपरात आली होती. खालच्या मजल्यांवर टीबी जास्त, कारण उजेड नाही, वारा नाही. ते वाचलं तेव्हा किती हलकं वाटलं. माझं काही चुकलं म्हणून झालं नव्हतं. पण त्या ग्लासापुढे हे सगळं वाचलेलं कुठे जातं कोण जाणे.

आत्याने त्या स्थळाला काय सांगितलं, मी विचारलं नाही. जाऊ दे.

इतके दिवस वाटायचं, ठिपका वहिनींनी पुसावा. त्यांची वाट बघत होते. आज हात तर माझाच गेला. छातीतलं जायला सहा महिने लागले, हे जायलाही लागतील. लागू देत.

संध्याकाळी तारेच्या घासणीने घासला. निम्मा निघाला. ग्लास त्या सहांच्या रांगेत पालथा घातला. जेवताना पिंट्याने नेमका तोच उचलून तोंडाला लावला. धस्स झालं ते माझ्याच काळजात. वहिनींनी बघितलं आणि त्याला भात भरवत राहिल्या.

उरलेला ठिपका उद्या घासते.